भाकरीवाचून शाळा कशी?

दरवर्षी २२ सप्टेंबर हा दिवस आला म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या बाजूच्या गावोगावच्या शाळांतून कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांच्या तसबिरीस हार पडतात, मिरवणुका निघतात, आणि दुसऱ्या दिवशी सर्व काही पूर्ववत चालू होते. थोर पुरुषाची आठवण ठेवावी हे योग्यच आहे. परंतु ती ठेवण्याची आमची रीत अशी आहे की, तिच्यायोगे त्याची थोरवी तेवढी ध्यानात राहते आणि त्याने केले काय व कसे, हे मात्र विसरले जाते. गरिबांच्या मुलांकरिता शाळा काढावी असा विचार आमच्या शहरात अधूनमधून निघतो. तो निघाला की पहिली चर्चा जागेची होते, दुसरी इमारतीची, आणि तिसरी कोनशिलेवर कोणाचे नाव घालावे ह्याची. मुले कोठून यावयाची, ती खाणार काय आणि रात्री निजणार कोठे, हा प्रश्न सभा उठता उठता निघाला तर निघतो. भाऊरावांनी आपल्या कार्यास ह्या शेवटच्या प्रश्नापासून आरंभ केला. म्हणून त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे, व विशेषेकरून आमच्या व्यापारी बंधूंपुढे, ह्या एकाच दृष्टीने मांडीत आहो.

भाऊरावांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे झाला. घराणे जैन शेतकऱ्यांचे, मूळचे ऐतवडे बुद्रुकचे; वडील पायगौंडा हे महसूल खात्यात कारकून होते. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राहिले, परंतु मॅट्रिकची परीक्षा काही त्यांच्या पदरी पडली नाही. पुढे ज्याने शेकडो शाळा काढल्या तो स्वतः परीक्षांच्या हिशेबाने नापास ठरलेला विद्यार्थी होता, ही गोष्ट गुणपत्रिकेवरून मुलाचे भविष्य वर्तविणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोल्हापुरात असतानाच अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या एका समारंभास ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याची सक्ती झाली, ती त्यांनी मानली नाही, आणि ते ज्या वसतिगृहात राहत होते तेथून त्यांस बाहेर पडावे लागले. बिऱ्हाड उचलून रस्त्यावर येणे म्हणजे काय, हे ज्याने विद्यार्थिदशेतच अनुभवले, त्याने पुढे आपल्या वसतिगृहाचे दार कोणत्याही जातीच्या मुलास बंद ठेवले नाही, ह्यात आश्चर्य नाही.

त्यांच्या आयुष्यातील दुसरा प्रसंग आम्हां कायद्याच्या धंद्यातील लोकांस विशेष विचार करावयास लावणारा आहे. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण निघाले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे ह्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांस अटक झाली, छळ झाला, तो असह्य होऊन प्राण देण्यापर्यंत त्यांची मजल गेली. पण साक्ष त्यांनी दिली नाही. न्यायालयाच्या आवारात चहाच्या पेल्यापायी फिरलेल्या साक्षी आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून ह्या एका नकाराची किंमत आम्हांस थोडीफार कळते. पुढे ज्याच्या शब्दावर खेड्यातल्या आईबापांनी आपली मुले निर्धास्तपणे सोपविली, त्याच्या शब्दाचे वजन येथे तयार झाले होते.

ह्यानंतर त्यांनी काही काळ चक्क व्यापार केला. साताऱ्यास शिकवण्या करून ते पोट भरीतच होते. पुढे ओगल्यांचे काचसामान आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपविण्यासाठी त्यांनी गावेच्या गावे पायाखाली घातली. माल विकणारा मनुष्य गिऱ्हाइकाची परिस्थिती जितकी बारकाईने पाहतो तितकी व्याख्याता पाहत नाही. शेतकरी नांगर का घेत नाही, कर्जाचा कागद त्याला का वाचता येत नाही, आणि त्याचा मुलगा शाळेच्या वेळी गुरांमागे का असतो, ह्या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, हे ह्या भटकंतीत त्यांच्या नजरेस आले.

त्या काळी शिक्षणाची चर्चा कमी होती असे नाही. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कौन्सिलापुढे आणले, ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू करून जे ब्रिटिश मुलखात होत नव्हते ते करून दाखविले. परंतु फी माफ झाली म्हणून गरिबाची अडचण संपत नाही. गावची शाळा चार यत्तांची. पुढे शिकावयाचे तर शहर गाठले पाहिजे, आणि शहरात मुलाला भाकर कोण घालणार? ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलले. तेथे मूठभर मुलांस घेऊन वसतिगृह सुरू झाले, १९२७ साली गांधीजींनी त्यास भेट दिली, आणि त्यास शाहू महाराजांचे नाव मिळाले.

ह्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एकत्र राहत, एकाच चुलीवर शिजलेले अन्न एकाच पंगतीस बसून खात, आणि दळणे, पाणी भरणे, भाकऱ्या थापणे ही कामे आळीपाळीने करीत. आज हे वाचताना विशेष वाटणार नाही; परंतु ज्या काळात गावच्या पाणवठ्यावर अस्पृश्याची सावली चालत नव्हती, त्या काळी ही पंगत म्हणजे केवढा धक्का होता, ह्याची वाचकांनी कल्पना करावी. समतेवर व्याख्याने झोडणारे तेव्हाही पुष्कळ होते. भाऊरावांनी व्याख्यान बाजूस ठेवून पंगत वाढली. आणि जी मुले लहानपणी एका ताटाशेजारी दुसरे ताट मांडून जेवली, त्यांस पुढे समता शिकविण्याची वेगळी गरज उरली नाही.

परंतु पंगत वाढावयास धान्य लागते. गावोगाव हिंडून मूठमूठ धान्य मागून आणावे, ते संपले की पुन्हा हिंडावे, असा क्रम होता. येथे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांची आठवण केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. त्या सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या. नवऱ्याने घरी आणलेली परजातीची मुले प्रथम त्यांस जड गेली. परंतु पुढे त्याच मुलांच्या त्या आई झाल्या. मुलांस जेवू घालण्यापायी एकेक दागिना गेला, आणि अखेर धान्याचा कण घरात नाही अशा दिवशी त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. आपल्या पतीच्या कार्याचा वटवृक्ष झालेला त्यांनी पाहिला नाही.

मंगळसूत्राची ही गोष्ट आमच्याकडे व्यासपीठावरून वारंवार सांगितली जाते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. आम्हांस ती ऐकताना निराळाच विचार सुचतो. तो असा की, ज्या जिल्ह्यात बाजारपेठा होत्या, सावकारांच्या पेढ्या होत्या, गुळाच्या व धान्याच्या वखारी भरलेल्या होत्या, तेथे काही गरीब पोरांच्या एका वेळच्या जेवणासाठी एका बाईस मंगळसूत्र का द्यावे लागले? लक्ष्मीबाईंचा त्याग वंदनीय आहे ह्यात शंका नाही. पण ज्या समाजात असा त्याग करावा लागतो त्या समाजास तो भूषणावह नाही. त्यागाची स्तुती करून मोकळे होणे ही ऋण चुकविण्याची फार स्वस्त तऱ्हा आहे.

पुढील इतिहास वाढीचा आहे. येरवड्याच्या करारानंतर १९३२ साली पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले. शिक्षकांवाचून शाळा चालत नाहीत म्हणून १९३५ साली साताऱ्यास शिक्षक तयार करणारे विद्यालय झाले. मग जिल्ह्यातल्या लहानलहान खेड्यांत, जेथे देवळाची ओसरी किंवा चावडी हीच काय ती जागा, तेथे एकशिक्षकी शाळा सुरू झाल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. ह्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी दगड फोडले, माळ खणून जमीन केली, आणि त्या श्रमाच्या बदल्यात शिक्षण घेतले.

ह्या शेवटच्या गोष्टीवर एक आक्षेप येतो. श्रीमंताचा मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि गरिबाच्या मुलाने मात्र कुदळ मारून शिकावे, हा न्याय कोणता? आक्षेप पोकळ नाही. कोवळ्या मुलांस कामास जुंपून वर त्यास शिक्षण म्हणणारे महाभाग आजही सापडतात, आणि त्यांनी भाऊरावांचे नाव घेऊ नये. भाऊरावांच्या योजनेत श्रमाचे फळ कोणा मालकाच्या खिशात जात नव्हते. ते शिकणाऱ्याच्याच पानात पडत होते. शिवाय आपण कोणाच्या भिकेवर शिकलो नाही, हा जो ताठपणा त्या मुलांच्या अंगी आला, तो कोणत्याही शिष्यवृत्तीने आला नसता. दानाने पोट भरते, परंतु मान खाली जाते. पोट भरून मानही वर ठेवण्याची युक्ती त्यांनी काढली, हेच तिचे मर्म.

संकटे सरकारकडूनही आली. १९४८ साली संस्थेचे सरकारी अनुदान बंद पडले; पण लोकांच्या आधारावर आणि गाडगे महाराजांसारख्या संतपुरुषाच्या पाठबळावर संस्था तगली, व अनुदान पुढे पुन्हा सुरू झाले. श्रीमंतांकडून येणारे संकट अधिक गोड असते. शिवाजी कॉलेजचे नाव बदलून आपले द्यावे, म्हणजे मोठी रक्कम देतो, असे एका धनिकाने सुचविल्याचे आणि भाऊरावांनी ते साफ नाकारल्याचे सांगतात. कऱ्हाडास १९५४ साली जे कॉलेज निघाले त्यास त्यांनी नाव दिले ते हातात खराटा घेऊन फिरणाऱ्या गाडगे महाराजांचे. १९५९ साली सरकारने त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली, पुणे विद्यापीठाने डी. लिट. देऊन गौरविले, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला. मॅट्रिक न झालेल्या मनुष्याचा विद्यापीठाने केलेला हा गौरव त्याहून विद्यापीठासच शोभून दिसला.

आता आमच्याकडे पाहू. गोखल्यांच्या विधेयकात जे मागितले होते ते २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून मान्य झाले. शाळेत जेवण देण्याची योजना १९९५ साली आली, आणि ते अन्न शिजवून द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. म्हणजे लक्ष्मीबाईंनी जे स्वतःच्या चुलीवर केले ते देशाच्या न्यायासनास पटावयास सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला. परंतु कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. आत टिकवून धरणे हे माणसांचे काम आहे. ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांमागे सहा महिने मूल कोठे राहणार? वीटभट्टीवरच्या मुलीस शाळेत कोण पोहोचविणार? ह्या प्रश्नांस कलमांत उत्तर नाही. उलट वीसांहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र कराव्यात असा विचार २०२३ साली सरकारातूनच पुढे आला. हिशेबाच्या वहीत लहान शाळा महाग दिसते, हे आम्ही जाणतो. परंतु काले गावचा आरंभ अशा वहीने तपासला असता तर तो पहिल्याच वर्षी तोट्याच्या रकान्यात गेला असता.

म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस आमचे सांगणे एवढेच आहे. नव्या इमारतीची वर्गणी मागावयास कोणी आले तर त्यास आधी विचारा की, मुलांच्या जेवणाची व राहण्याची तजवीज काय केली आहे? शहरात पुष्कळ खोल्या रिकाम्या आहेत, पुष्कळ धान्य वखारीत आहे, आणि मोसमापुरती दहा-वीस मुले सांभाळील अशी घरे एका पेठेतही निघतील. एका दुकानाने एका मुलाचा वर्षाचा शिधा पत्करला आणि तो नेमाने पोहोचविला, तर कोनशिलेवर नाव येणार नाही हे खरे. पण एक मूल शाळेत टिकेल. येत्या २२ सप्टेंबरास तसबिरीला हार घालण्यापूर्वी हा हिशेब ज्याने त्याने आपल्या वहीत मांडावा, आणि पुढे कोणाही लक्ष्मीबाईंच्या गळ्यातले मंगळसूत्र ह्या कामी लागू नये, अशी व्यवस्था करावी.