खोटं बोलता न येणारी हेर

हेर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातली माणसं येतात. धूर्त, बेडर, क्षणात रूप पालटणारी. पण मैत्रिणींनो, आज मी जिच्याबद्दल सांगणार आहे, ती होती लाजाळू, मृदू आवाजाची, स्वप्नाळू. लहान मुलांसाठी गोष्टी लिहायची, वीणा वाजवायची. आणि मुख्य म्हणजे खोटं बोलणं तिला जमतच नसे! तरीही दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये एकटीनं गुप्त संदेश पाठवत राहिलेली ती हीच. तिचं नाव नूर इनायत खान.

नूरचं मूळ आपल्याला तसं जवळचं. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात मौलाबख्श नावाचे मोठे संगीतज्ञ होते. १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू झाली ती त्यांच्याच हातून. इनायत खान हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव. मौलाबख्शांच्या पत्नीचं नातं टिपू सुलतानाच्या घराण्याशी होतं, असं त्या घरात परंपरेनं सांगितलं जाई. १३ सप्टेंबर १९१० रोजी इनायत खान मुंबईहून बोटीत बसले आणि संगीत आणि सूफी विचार घेऊन पश्चिमेकडे गेले. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

अमेरिकेत त्यांची ओरा रे बेकर या तरुणीशी ओळख झाली. १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं आणि १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत नूर जन्मली. आई अमेरिकन, वडील बडोद्याचे, जन्म रशियातला, पुढं वाढली फ्रान्समध्ये! पॅरिसजवळच्या सुरेन गावात त्यांचं घर होतं. नाव ‘फझल मंझील’. घरात गाणं, प्रार्थना, पाहुण्यांची वर्दळ. नूर चार भावंडांत थोरली.

थोरल्या मुलीच्या वाट्याला काय येतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १९२७ च्या फेब्रुवारीत वडील दिल्लीला आले असताना वारले. नूर तेव्हा अवघी तेरा वर्षांची. आई दुःखानं इतकी खचली की खोलीबाहेर पडेना. मग दोन भाऊ, एक बहीण आणि ती आई, सगळ्यांचं या पोरीनंच पाहिलं. कुठलीही तक्रार न करता. अशा मुलीला लोक ‘गरीब गाय’ म्हणतात. तिच्यात काय ताकद साठत असते, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

घर सांभाळत तिनं संगीताचं शिक्षण घेतलं, सोर्बोन विद्यापीठात बालमानसशास्त्र शिकली. फ्रेंच वर्तमानपत्रात आणि रेडिओवर तिच्या बालकथा येऊ लागल्या. १९३९ मध्ये लंडनला तिचं पुस्तक निघालं, जातककथांमधल्या वीस गोष्टींचं. त्यात माकडांच्या राजाची गोष्ट आहे. आपल्या कळपाला नदीपार नेण्यासाठी तो स्वतःच्या शरीराचा पूल करतो. सगळे त्याच्या पाठीवरून सुखरूप पलीकडे जातात आणि त्याचा मात्र जीव जातो. ही गोष्ट लिहिणाऱ्या नूरला ठाऊक नव्हतं की पुढच्या पाच वर्षांत तिचं स्वतःचं आयुष्य याच वाटेनं जाणार आहे.

१९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या. खान कुटुंब कसंबसं बोटीनं इंग्लंडला पोचलं. नूर आणि तिचा भाऊ विलायत या दोघांपुढं मोठा पेच होता. वडिलांची शिकवण अहिंसेची. गांधीजींबद्दल दोघांना आदर. पण माणसं मारली जात असताना हात जोडून नुसतं बसायचं? दोघांनी ठरवलं, कुणाला मारायचं नाही, पण जिथं मरणाचा धोका जास्त ते काम घ्यायचं. विलायत नौदलात गेला. नूर १९४० च्या नोव्हेंबरमध्ये हवाई दलाच्या महिला विभागात दाखल झाली आणि बिनतारी यंत्रावर संदेश पाठवायला शिकली.

एक गोष्ट मला फार विशेष वाटते. १९४२ मध्ये बढतीच्या मुलाखतीत अधिकाऱ्यांनी तिला भारताच्या स्वातंत्र्याबद्दल विचारलं. दुसरी कुणी असती तर गुळमुळीत उत्तर देऊन सुटली असती. नूरनं सरळ सांगितलं की, भारताला स्वातंत्र्य मिळायला हवं असं तिला वाटतं; नाझींविरुद्धचं युद्ध चालू आहे तोवर ती ब्रिटनशी इमान राखेल, नंतरचं मात्र नंतर पाहावं लागेल. हे कुठल्या वर्षी? तर इकडे ‘चले जाव’ची ठिणगी पडली त्या वर्षी! आणि समोर बसलेले कोण? इंग्रज अधिकारी!

तिला फ्रेंच मातृभाषेसारखी येते, बिनतारी यंत्र चालवता येतं, हे पाहून १९४३ च्या सुरुवातीला एका गुप्त संघटनेनं तिला निवडलं. स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह हे तिचं नाव. नाझींच्या ताब्यातल्या देशांत माणसं उतरवून तिथल्या क्रांतिकारकांना मदत करायची, हे तिचं काम. पकडलं तर गणवेशातल्या सैनिकाला मिळतं ते संरक्षणही मिळणार नाही, हे नूरला आधीच सांगितलं होतं. तिनं होकार दिला. काळजी फक्त एकच, आईची. आपण नक्की मेलो अशी खात्री होईपर्यंत आईला काहीही वाईट कळवू नका, अशी तिनं निघताना विनंती केली.

प्रशिक्षणात तिच्याबद्दल फार बरं लिहिलं गेलं नाही. ही वेंधळी आहे, बुद्धी बेताची आहे, भावनाप्रधान आहे. दुतोंडीपणा करणं आपल्याला आवडणार नाही, असं तर तिनं स्वतःच शिक्षकांना सांगून टाकलं होतं. हेरगिरी शिकायला आलेली बाई असं म्हणते म्हटल्यावर शिक्षकांनी कपाळाला हात लावला असेल! पण माणसांची टंचाई होती आणि वरिष्ठांपैकी काहींना तिच्यात काहीतरी दिसलं होतं.

१६ जून १९४३ च्या रात्री, चांदण्यात, एका छोट्या विमानानं तिला फ्रान्समधल्या एका शेतात उतरवलं. खोटं नाव जान मारी रेनिए, व्यवसाय दाईचा, सांकेतिक नाव ‘मॅडलीन’. इंग्लंडहून फ्रान्समध्ये बिनतारी यंत्रचालक म्हणून गेलेली ती पहिलीच स्त्री.

हे काम किती जोखमीचं होतं पाहा. हत्यारं कुठं टाकायची, पैसे किती हवेत, विमान कुठं उतरवायचं, हे सगळं लंडनला कळणार ते त्या यंत्रावरूनच. यंत्रचालक पकडला गेला की सगळा गटच मुका न् बहिरा. जर्मनांच्या गाड्या रस्त्यांवर फिरत असत. संदेश कुठल्या घरातून जातोय ते त्यांना यंत्रांवर कळे. एकाच ठिकाणाहून वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ बोलणं म्हणजे मरणाला आवतण. ते यंत्रही सुटकेसएवढं, चौदा-पंधरा किलोंचं. यंत्रचालक सरासरी सहा आठवडे टिकतो, असा तेव्हाचा हिशेब होता.

सुरुवातीला तिच्या हातून गडबडी झाल्याच. चहा करताना आधी दूध ओतलं, तेव्हा सोबत्यांना तिला सांगावं लागलं की फ्रान्समध्ये असं करत नाहीत, यावरून तू इंग्लंडहून आल्याचं कुणीही ओळखेल! आपल्या रोजच्या सवयी किती बोलतात ना?

आणि मग दहा दिवसांच्या आतच आभाळ कोसळलं. ती ज्या ‘प्रॉस्पर’ गटासाठी आली होती, त्याच्या प्रमुखासकट एकामागून एक माणसं पकडली जाऊ लागली. पॅरिसमधले यंत्रचालकही गेले. लंडननं तिला परत यायला सांगितलं. नूरनं नकार दिला. आपण गेलो तर इथल्या माणसांचा लंडनशी दुवाच तुटेल, हे तिचं कारण. तेरा वर्षांची असताना ज्या पोरीनं घराला असं टेकू देऊन धरलं होतं, तिनं एकोणतिसाव्या वर्षी याहून वेगळं काय केलं असतं?

पुढचे साडेतीन महिने ती पॅरिसभर फिरत राहिली. रोज नवी जागा, केसांना वेगळा रंग, हातात ती जड पेटी. सुरेनमधल्या जुन्या शेजाऱ्यांनी तिला दारं उघडली. मेट्रोत दोन जर्मनांनी पेटीत काय आहे म्हणून हटकलं, तेव्हा तिनं सिनेमा दाखवायचं यंत्र असल्याचं सांगून वेळ मारून नेली, असं तिच्या चरित्रात आहे. दुसऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा तिला खोटं बोलणंही जमलं म्हणायचं!

ऑक्टोबर १९४३ मध्ये तिच्या परतीची तयारी चालू होती, तेवढ्यात घात झाला. तिचा पत्ता एक लाख फ्रँकना विकला गेला. पकडायला आलेल्या माणसाला ती इतकी कडकडून चावली की त्यानं पिस्तूल रोखून मदत मागवली. वेंधळी म्हणून नोंद झालेली हीच ती मुलगी. नाझी गुप्त पोलिसांच्या पॅरिसमधल्या मुख्यालयात नेल्याबरोबर तिनं स्नानगृहाच्या खिडकीतून निसटायचा प्रयत्न केला. नोव्हेंबरात दोन कैद्यांबरोबर छतावरून पळण्याचा दुसरा प्रयत्न. नेमका त्याच रात्री हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, कैदी मोजले गेले आणि तिघंही सापडले. पुन्हा पळणार नाही असं लिहून दे म्हटलं, तर तेही दिलं नाही. सही करून खुशाल पुन्हा पळता आलं असतं. पण दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून तो दिलाच नाही!

तिच्या एका चुकीबद्दलही सांगायला हवं. पाठवलेल्या संदेशांची नोंद तिनं वहीत ठेवली होती. संदेश नीट ‘फाइल’ करण्याबद्दलच्या एका सूचनेचा अर्थ तिनं जपून ठेवा असा घेतला, असं अभ्यासक सांगतात. ती वही जर्मनांच्या हाती पडली. तिच्या नावानं ते लंडनला खोटे संदेश पाठवू लागले. ती पकडली गेल्याचा इशारा लंडनला मिळाला होता, पण तो मनावर घेतला गेला नाही. त्यामुळे फेब्रुवारी १९४४ मध्ये मॅडलीन दामरमाँ ही तरुणी आणि तिचे दोन सोबती पॅराशूटनं उतरले ते थेट शत्रूच्या हातात. चूक एकट्या नूरची नव्हती, पण किंमत अनेकांनी मोजली. धीट माणसंही चुकतात आणि चुकलेली माणसंही धीट असतात. दोन्ही खरंच.

नूरला जर्मनीतल्या फोर्झहाइमच्या तुरुंगात नेलं. अत्यंत धोकादायक कैदी म्हणून हातापायांत बेड्या, एकटीची कोठडी. दहा महिने! तरी जेवणाच्या भांड्याच्या बुडाशी कोरून ती शेजारच्या कैदी बायकांना निरोप द्यायची. सोबत्यांबद्दल मात्र एक शब्द बोलली नाही. पॅरिसमधल्या नाझी प्रमुखानंच युद्धानंतर ही कबुली दिली. इकडे इंग्लंडमध्ये तिच्या आईला ‘सर्व खुशाल’ असल्याची पत्रं जात होती. वाचताना पोटात कालवतं हो.

सप्टेंबर १९४४ मध्ये तिला आणखी तिघींबरोबर आगगाडीनं डाखाऊच्या छळछावणीत नेलं. त्या तिघींपैकी एक होती मॅडलीन दामरमाँ. सोबतच्या जर्मन पोलिसानं पुढे जबानीत सांगितलं की, वाटेत त्या चौघी खिडकीतून डोंगर बघत, एकमेकींशी गप्पा मारत होत्या. १३ सप्टेंबरच्या सकाळी चौघींना गोळ्या घातल्या. बडोद्याच्या इनायत खानांनी मुंबईचा किनारा सोडला तीच तारीख, बरोबर चौतीस वर्षांनी. नूर तीस वर्षांची होती.

१९४९ मध्ये तिला मरणोत्तर ‘जॉर्ज क्रॉस’ मिळाला, फ्रान्सनंही गौरवलं. २०१२ मध्ये लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा पुतळा उभा राहिला. आणि ‘अ कॉल टू स्पाय’ या २०१९ च्या इंग्रजी चित्रपटात तिची भूमिका कुणी केली माहीत आहे? पुण्यात वाढलेल्या आपल्या राधिका आपटेनं!

महिला मंडळाच्या कामात मला नेहमी मुली भेटतात, ज्यांची ओळख आईच करून देते, आमची फार हळवी आहे, हिला काही जमायचं नाही म्हणून. मी अशा वेळी त्यांना नूरची गोष्ट सांगते. तिच्या शिक्षकांनी जे जे तिचे दोष म्हणून लिहिलं, ते सगळं खरंच होतं. ती हळवी होती म्हणूनच सोबत्यांना सोडून जाऊ शकली नाही. तिला दुतोंडीपणा नको होता म्हणूनच तिनं सुटकेसाठीसुद्धा खोटी सही केली नाही. तुमच्या घरातही अशी एखादी गप्प बसणारी लेक असेल. तिच्या प्रगतिपुस्तकात काय लिहायचं, याची घाई करू नका.