माणिकबागेचे पारखी महाराज

विजयनगरातून माणिकबागेस जायचे तर बहुतेक सारे इंदूर ओलांडावे लागते. तेथील राजवाड्यात पुढे सरकारी करखात्याची कचेरी थाटली गेली. परंतु ज्यांनी तो बांधविला त्या महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची कथा विद्यार्थ्यांनी ऐकण्याजोगी आहे.

यशवंतरावांचा जन्म 6 सप्टेंबर 1908 रोजी झाला. वडील तुकोजीराव (तिसरे) यांना 1926 साली गादी सोडावी लागली आणि अवघ्या सतराव्या वर्षी हा मुलगा राजा झाला. शिक्षण विलायतेस, चार्टरहाउस व ऑक्सफर्ड येथे झाले. तेथेच एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पकाराशी त्यांचा स्नेह जडला. त्याच्याकडून त्यांनी 1930 ते 1933 या काळात माणिकबाग उभारून घेतली. त्या वाड्यात नक्षी नाही, महिरपी नाहीत. सरळ रेषा, काच आणि धातू एवढाच काय तो शृंगार! ब्रांकुशी या शिल्पकाराचे निराकार पक्षीही महाराजांनी त्याच काळी विकत घेतले. अनावश्यक ते काढून टाकल्यावर जे उरते, ते त्यांच्या डोळ्यांस सुंदर वाटे.

ही दृष्टी ध्यानी घेतली म्हणजे त्यांच्या रत्नसंग्रहातील एका हिऱ्याची कथा अधिक गोड लागते. वडिलांनी 1913 साली पॅरिसला घेतलेले, प्रत्येकी सुमारे 47 कॅरेटांचे दोन थेंबाकार हिरे घराण्यात होतेच. त्यांत यशवंतरावांनी 1937 साली ‘पोर्टर ऱ्होड्स’ची भर घातली. हा हिरा 12 फेब्रुवारी 1880 रोजी दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली येथे सापडला. कच्च्या खड्याचे वजन साडेएकशे त्रेपन्न कॅरेट होते. पहिल्या घडणीनंतर त्यातले सुमारे 73 कॅरेट उरले, आणि पुढे पुन्हा कापून त्यास आजचे चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांचे रूप मिळाले, तेव्हा वजन भरले 56.60 कॅरेट. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश दगड भुकटीत व तुकड्यांत गेला!

एवढा त्याग का करावा? हा चौकोनी घाट ॲमस्टरडॅमच्या जोसेफ आशर यांनी 1902 साली सिद्ध केला. गोल हिऱ्याचे बारीक पैलू इतके चमचमतात की लहानसा डाग त्या झगमगाटात लपून जातो. पायऱ्यांच्या हिऱ्याचे पैलू मात्र रुंद आणि सपाट, खिडकीच्या तावदानासारखे. आतली चीर, काळा ठिपका, पिवळसर झाक, काहीच झाकले जात नाही. म्हणून येथे पारखी प्रथम पाणी आणि निर्मळपणा पाहतो. मग चारही बाजू सारख्या आहेत ना, छाटलेले कोपरे जुळतात ना, हे तपासतो. वरून पाहता चौकोनात चौकोन असे मध्याकडे उतरत गेले पाहिजेत, बारवेच्या काठावरून आत डोकावावे तसे. एक जरी पायरी तिरकी झाली तरी डोळ्यांस खुपते. खडा उथळ असेल तर त्यातून आरपार दिसते आणि तेज ओसरते. फार खोल असेल तर वजन तळाशी दडते, आणि न दिसणाऱ्या दगडाचे पैसे गिऱ्हाइकास मोजावे लागतात. दर कॅरेटावर ठरतो खरा, पण मोठा निर्दोष खडा दुर्मिळ, म्हणून वजनाबरोबर दरही चढत जातो. नुसत्या तराजूवर भाव ठरविणारा येथे फसलाच म्हणून समजावे.

ज्या 1937 साली हा हिरा घरी आला, त्याच वर्षी महाराणी संयोगिताराजे निवर्तल्या. वय अवघे तेवीस-चोवीस. ब्रांकुशीकडून इंदुरात एक ध्यानमंदिर उभारण्याचा संकल्प होता; तो शिल्पकार येथवर येऊनही गेला, परंतु मंदिर झाले नाही.

संस्थानी वैभवावर झालेला हा खर्च प्रजेच्या पैशांतूनच आला होता, हे विसरून चालणार नाही. महाराजांच्या रसिकतेचे कौतुक करतानाही मला ते विसरता येत नाही. पुढे 1946 साली पोर्टर ऱ्होड्स आणि ते दोन्ही थेंबाकार हिरे अमेरिकेतील जवाहिरे हॅरी विन्स्टन यांच्याकडे गेले. दोनच वर्षांनी संस्थान मध्य भारतात विलीन झाले व यशवंतराव त्याचे उपराजप्रमुख झाले. 5 डिसेंबर 1961 रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. माणिकबागेतील सामानाचाही 1980 साली मोनॅको येथे लिलाव झाला.

त्यांच्या हिऱ्याचे नाव इंदुरात आता क्वचितच कोणास ठाऊक असते. महाराजांचे नाव मात्र रोज घेतले जाते, कारण रिक्षावाल्यास ‘एम. वाय.’ म्हटले की तो सरळ महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या दारी नेऊन सोडतो.