विषाणूकडूनच जागे होणारे औषध

ओठांवर फोड उठवणारा हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू कोट्यवधी लोकांच्या शरीरात वर्षानुवर्षे निपचित पडून असतो. क्वचित तो यकृतात शिरतो आणि काही दिवसांतच यकृत निकामी होते. गर्भारपणाचे शेवटचे महिने, नवजात अर्भके आणि प्रतिकारशक्ती दाबलेले रुग्ण यांना हा धोका अधिक. ताप असतो, पण सुरुवातीला कावीळ दिसेलच असे नाही आणि अनेकांच्या अंगावर फोडही नसतात. निदान उशिरा होते आणि उपचाराविना बहुतेक रुग्ण दगावतात. त्यांना वाचवू शकणाऱ्या औषधामागे गर्ट्रूड एलियन यांचे संशोधन आहे.

एलियन यांचा जन्म २३ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. त्या पंधरा वर्षांच्या असताना आजोबा कर्करोगाने गेले आणि त्यांनी रसायनशास्त्राची वाट धरली. १९३७ मध्ये पदवी मिळाली, पण पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली नाही आणि प्रयोगशाळांना स्त्री नको होती. १९४१ मध्ये हृदयाच्या झडपांना झालेल्या जंतुसंसर्गाने त्यांचे नियोजित पती वारले. त्या आजारावर चालणारे पेनिसिलिन सर्वांना मिळू लागले ते काही वर्षांनी. एलियन यांनी पुढे लग्न केले नाही.

महायुद्धामुळे पुरुष संशोधकांची चणचण भासू लागली. १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांनी त्यांना सहायक म्हणून घेतले. डीएनएच्या घटकांसारखे दिसणारे रेणू बनवून रोगट पेशींना चकवायचे, ही दोघांची पद्धत. त्यातून मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील मर्कॅप्टोप्युरिन आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण शक्य करणारे अ‍ॅझाथायोप्रिन आले. मात्र प्रत्यारोपित अवयव टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती दाबली, की हर्पिसला मोकळे रान मिळते.

त्यावरचा उताराही एलियन यांच्याच कंपनीतून आला. हॉवर्ड शेफर यांनी घडवलेला अ‍ॅसायक्लोव्हिर हा रेणू कसे काम करतो, हे त्यांच्या गटाने १९७७ मध्ये उलगडून दाखवले. निरोगी पेशीत तो जवळजवळ निष्क्रिय राहतो. हर्पिसचे स्वतःचे एक विकर मात्र त्याला कार्यरत करते. मग तो विषाणूच्या डीएनएच्या साखळीत शिरतो आणि ती तिथेच खुंटते. विषाणू आपल्याच हाताने आपला घात करून घेतो.

१९८८ मध्ये हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह एलियन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नोकरी की पूर्णवेळ पीएचडी, या पेचात त्यांनी नोकरी निवडली होती. त्यामुळे ती पदवी त्यांनी कधी पूर्ण केली नव्हती. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी त्यांचे निधन झाले.

यकृत झपाट्याने निकामी होत असेल आणि कारण सापडत नसेल, तर हर्पिसचा संशय येताच डॉक्टर चाचणीच्या अहवालासाठी न थांबता शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू करतात. मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते. पण संशय चुकला तरी सहसा फारसे बिघडत नाही. संशय खरा असेल, तर वाचलेले ते काही तासच जीव वाचवू शकतात.