पाटीवरची गाय

मैत्रिणींनो, माझी लेक पाटी घेऊन बसायला कुरकुरते, तेव्हा मला रोझा बोनर आठवते. १८२२ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला जन्मलेली ही मुलगीही अक्षरं शिकायला तयार नव्हती. मग आईने युक्ती केली. प्रत्येक अक्षराबरोबर एक प्राणी! पोरगी वाचायला शिकली, आणि प्राणी तिच्या मनात कायमचे घर करून राहिले.

ती अकरा वर्षांची असतानाच आई गेली. चित्रकार वडिलांनी तिच्या हातात कुंचला दिला. जनावरं नीट बघता यावीत म्हणून ती गुरांच्या बाजारात जायची, अगदी कत्तलखान्यातसुद्धा. तिथे घोळदार झगा घालून कसं वावरणार? पण बाईने विजार घालायची तर पॅरिसमध्ये तेव्हा पोलिसांचा परवाना लागे. तिने तो रीतसर काढला.

१८४९ मधलं तिचं नांगरणीचं चित्र बघा. बारा धष्टपुष्ट बैल माती उलथत निघालेत आणि माणसं त्यांच्या आड! १८६५ मध्ये ‘लीजन ऑफ ऑनर’ हा फ्रान्सचा मोठा सन्मान मिळवणारी ती पहिली महिला चित्रकार ठरली. १८९९ मध्ये ती गेली.

तिचं कौतुक बघायला आई नव्हती, एवढीच रुखरुख वाटते.

काल मी लेकीच्या पाटीवर ‘ग’ काढला, शेजारी गाय. गाय काही जमली नाही. पण लेक खुदकन हसली आणि गिरवायला बसली.