कमलाबाई ओगले

कमलाबाई ओगले (१९१३ – १९९९) या मराठी पाकशास्त्रलेखिका होत्या. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा' या पुस्तकामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले.

जीवन

कमलाबाईंचा जन्म सांगली जिल्ह्यातील कुंडल येथे झाला. हे गाव तेव्हा औंध संस्थानात होते. त्यांचे शालेय शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच झाले. विवाहानंतर सासूबाईंच्या हाताखाली त्या स्वयंपाक शिकल्या. पुढे 'रुचिरा'च्या खपामुळे लाखाहून अधिक सुनांची सासू अशा अर्थाचे बिरूद त्यांना मिळाले.

'रुचिरा'तील मापे

हे पुस्तक प्रथम किर्लोस्कर प्रकाशनाने काढले. त्यातील प्रमाणे वाटी आणि चमचा यांत दिलेली आहेत. ही निवड साधी वाटते. परंतु त्या काळाचा विचार करता ती फार नेमकी होती. १९५६च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने आली व १९६२पासून व्यापारात किलो-ग्रॅम सक्तीचे झाले. त्याआधी ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर वजनाला चाले, तर धान्य पायली, अधोली, चिपटे अशा मापांनी भरून दिले जाई. शेर हा शब्द तर वजन व माप दोहोंसाठी रूढ होता. अशा संक्रमणकाळात नव्याने संसार मांडणाऱ्या स्त्रीकडे तराजू क्वचितच असे. वाटी मात्र असेच.

वाटी आकारमान मोजते, वजन नव्हे. १५० मिलिलिटरच्या वाटीत साखर साधारण १२५ ग्रॅम, रवा १०५ ग्रॅम, तर चाळलेला मैदा अवघा ८० ग्रॅमच्या आसपास मावतो. मैदा दाबून किंवा शिगोशीग भरल्यास हा आकडा बराच वाढतो. तरीही सर्व मुख्य जिन्नस एकाच वाटीने, एकाच रीतीने मोजले तर वाटी लहान की मोठी याने बिघडत नाही, कारण परस्परप्रमाण तेच राहते. शिऱ्याला वा नानकटाईला हे पुरते.

केकमध्ये ही सोय अपुरी पडते. अंडी नगावर आणि बेकिंग पावडर चमच्याने मोजली जाते. त्यामुळे वाटीचा आकार बदलला की मैद्याशी त्यांचे प्रमाणही बदलते. म्हणून वाटीतली कृती ग्रॅममध्ये आणताना सर्व पदार्थांना एकच आकडा लावता येत नाही. प्रत्येक जिन्नस त्याच वाटीने सपाट भरून स्वतंत्रपणे तोलावा लागतो.

इतर आवृत्त्या

'रुचिरा'चा दुसरा भागही निघाला आणि पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद झाला. नंतरच्या आवृत्त्या मेहता पब्लिशिंग हाऊसने प्रसिद्ध केल्या.