सचोटीची किल्ली

कपाटावर किंवा कुलपावर 'गोदरेज' हे नाव तुम्ही अनेकदा वाचले असेल. या उद्योगाचा पाया घालणारे अर्देशीर गोदरेज मूळचे वकील होते.

त्यांचा जन्म १८६८ साली मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. १८९४ साली एका खटल्यासाठी ते आफ्रिकेतील झांजिबारला गेले. तेथे अशिलाच्या बाजूने खोटे बोलावे लागेल, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी साफ नकार दिला आणि वकिलीच सोडून ते मुंबईला परतले.

मग त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे बनवायला सुरुवात केली. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांनी त्यांना कर्ज दिले. हत्यारे उत्तम झाली. पण माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांवर हिंदुस्थानचे नाव नको होते. त्या काळी देशी मालावर लोकांचा विश्वास नव्हता. अर्देशीर मात्र आपल्या मालाची ओळख लपवायला तयार झाले नाहीत. धंदा बंद पडला. कर्ज तसेच राहिले.

तरीही ते खचले नाहीत. मुंबईत चोऱ्या वाढल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि मजबूत कुलपे बनवण्याचे ठरवले. कामा यांनी पुन्हा मदत केली. १८९७ साली लालबागजवळ एका छोट्या शेडमध्ये कारखाना सुरू झाला. परदेशी कुलपांशी टक्कर द्यायची होती. अर्देशीरांनी कुलपांबरोबर हमी दिली. ती पोकळ बढाई नव्हती. आधी माल पक्का करायचा आणि मगच त्याबद्दल ठामपणे बोलायचे, ही त्यांची रीत होती. हळूहळू ग्राहकांचा विश्वास बसला. पुढे त्यांनी तिजोऱ्या आणि वनस्पती तेलाचा साबणही बनवला.

अर्देशीर देशप्रेमी होते. १९२१ साली त्यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. पण केवळ स्वदेशी म्हणून हलका माल लोकांच्या गळ्यात मारणे त्यांना मान्य नव्हते. स्वदेशी वस्तू परदेशी वस्तूइतकीच चांगली हवी, असे ते स्पष्टपणे सांगत. हे ऐकून काही लोक नाराज झाले, तरी त्यांनी आपले मत बदलले नाही.

१९३६ साली त्यांचे निधन झाले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत भीषण स्फोट होऊन मोठी आग लागली. त्या आगीतही गोदरेजच्या तिजोऱ्यांतील कागदपत्रे सुरक्षित राहिली. अर्देशीरांचा शब्द त्यांच्यामागेही खरा ठरला.

उद्योग करणाऱ्याला आत्मविश्वास हवाच. पण त्याला सचोटीची जोड नसेल, तर तो किल्ली हरवलेल्या कुलपासारखा निरुपयोगी ठरतो.