नामदेव व्हटकर : एका अंत्ययात्रेचं चित्रीकरण करणारा माणूस



६ डिसेंबर जवळ आला की आपल्या पेण-रोह्याच्या शाळांमध्येही महापरिनिर्वाण दिनाची तयारी सुरू होते. मुलं भाषणं पाठ करतात, फलक लिहिले जातात. जिथे प्रोजेक्टर आहे तिथे बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेची कृष्णधवल चित्रफीत दाखवतात. तुम्हीही ती कुठेतरी नक्कीच पाहिली असेल. माणसांचा महासागर, फुलांनी झाकलेलं पार्थिव आणि रडणारे चेहरे. पण वर्गात एक साधा प्रश्न विचारून बघा. हे शूटिंग केलं कोणी? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. आपल्यापैकीही अनेकांना ते माहीत नसतं. म्हणून आजच्या पाठात नामदेव व्हटकर यांची ओळख करून घेऊ.

नामदेव लक्ष्मण व्हटकर यांचा जन्म २४ ऑगस्ट १९२१ रोजी झाला. सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यातलं मसूर हे त्यांचं गाव. घर दलित समाजातलं. तो काळ कसा होता हे मुलांना आधी सांगावं लागेल. दलितांच्या मुलांना शाळेत वेगळं बसवत. सार्वजनिक विहिरीला, तळ्याला हात लावायची त्यांना बंदी होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता, पण कागदावरचा ठराव गावात पोहोचत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. तेव्हा नामदेव पुरते सहा वर्षांचेही नव्हते. म्हणजे ज्या पिढीसाठी हा लढा लढला गेला, त्याच पिढीतलं हे मूल.

हे मूल शिकलं, लिहू लागलं आणि मुंबईच्या कलाजगतात शिरलं. व्हटकरांनी साहित्य लिहिलं, नाटक-सिनेमाच्या क्षेत्रात काम केलं आणि आत्मचरित्रही लिहिलं. दलित साहित्य हा शब्द घरोघरी पोहोचण्याआधीच्या पिढीतले ते लेखक. त्यांचा स्वतःचा छापखाना होता. पैशाने मोठा माणूस नव्हे, पण चार अक्षरं छापून लोकांपर्यंत पोहोचवण्याचं साधन त्यांच्या हातात होतं. हा छापखाना लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९५६ साल उजाडलं. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत, तोच ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं गेलं आणि दादरच्या राजगृहात ठेवलं गेलं. ७ डिसेंबरला अंत्ययात्रा निघणार होती. गिरण्यांतले कामगार, गोदीतले हमाल, सफाई कामगार, खेड्यापाड्यांतून मिळेल त्या गाडीने आलेली माणसं, असा सगळा लोंढा दादरकडे निघाला होता.

आता त्या दिवसाकडे आजच्या डोळ्यांनी बघू नका. तेव्हा मुंबईत टीव्ही नव्हता, तो आला १९७२ साली. मोबाईल तर दूरच. हलतं चित्र हवं असेल तर सिनेमाचा कॅमेरा लागायचा, कॅमेरामन लागायचा आणि महागडी फिल्म विकत घ्यावी लागायची. हे तंत्र मराठी माणसाला नवीन नव्हतं. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ सालीच मुंबईत कुस्तीचं चित्रीकरण केलं होतं, पुढे रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचंही केलं. तंत्र होतं, माणसं होती, स्टुडिओ होते. तरी या अंत्ययात्रेसाठी पदरचा पैसा घालायला कोणी पुढे येईना.

व्हटकर तेव्हा ३५ वर्षांचे होते. त्यांनी आपला छापखाना गहाण टाकला. त्या पैशांतून कॅमेरा, कॅमेरामन आणि सुमारे ३००० फूट फिल्म यांची सोय केली आणि त्या गर्दीत चित्रीकरण करून घेतलं.

इथे गणिताच्या शिक्षकांसाठी एक छान उदाहरण आहे. सिनेमाची नेहमीची ३५ मि.मी. फिल्म धरली तर एका फुटात १६ चित्रं बसतात आणि एका सेकंदाला २४ चित्रं लागतात. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट. मग ३००० फुटांत किती मिनिटं? साधारण ३३. अंत्ययात्रा तर तासन् तास चालली होती. म्हणजे कॅमेरा सतत चालू ठेवणं शक्यच नव्हतं. कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, पुढारी टिपायचा की रस्त्याच्या कडेला उभी असलेली म्हातारी, हे जागच्या जागी ठरवावं लागत होतं. आज मुलं एका सहलीत दोनशे व्हिडिओ काढतात. त्यांना हा हिशोब जरूर करायला लावा.

संध्याकाळी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसाची जी हलती दृश्यं आज आपण पाहतो, ती व्हटकरांच्या या धडपडीमुळे. ४ ऑक्टोबर १९८२ रोजी व्हटकरांचं निधन झालं. चित्रफीत मात्र फिरत राहिली, माहितीपटांत गेली, आता मोबाईलवरही आली. बहुतेक ठिकाणी तिच्याखाली त्यांचं नाव नसतं.

या चरित्रातून मुलांना काय द्यायचं? त्याग वगैरे शब्द आपण वापरतोच, पण माझ्या मते मुद्दा वेगळा आहे. ज्या समाजाला शतकानुशतकं दुर्लक्षिलं गेलं, त्याचं दुःखही नोंदवलं जाणार नाही, हे व्हटकरांनी वेळेत ओळखलं. कोणाची नोंद ठेवायची आणि कोणाची नाही, हा माणसाच्या हक्काचाच प्रश्न आहे. जगभरचे चांगले माहितीपट याच प्रश्नापासून सुरू होतात.

आपल्या दोन तालुक्यांचंच बघा. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा आणि रोह्याशी नातं असलेले चिंतामणराव देशमुख यांच्याबद्दल मुलं निबंध लिहितात, आणि ते लिहायलाच हवेत. पण दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं? त्यांच्याबरोबर जाणारी आणि हजेरीपटावर गैरहजर लागणारी मुलं? हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे साचे भरणाऱ्या बायका? कुंडलिकेच्या काठचे मासेमार? यांच्याबद्दल आपल्या शाळेत एक ओळ तरी लिहिलेली सापडेल का?

म्हणून इयत्ता आठवी-नववीसाठी एक उपक्रम सुचवते. प्रत्येक गटाने अशा एका व्यक्तीवर फक्त तीन मिनिटांची चित्रफीत करायची. नियम तीनच. आधी त्या व्यक्तीची परवानगी घ्यायची, नाही म्हटलं तर आनंदाने परत यायचं. कीव येईल असं काही दाखवायचं नाही, तिचं काम आणि कौशल्य दाखवायचं. आणि झालेलं काम सर्वांत आधी तिलाच दाखवायचं. पालकांनी मोबाईल द्यावा, पण शूटिंग मुलांनाच करू द्यावं.

आणि येत्या ६ डिसेंबरला ती चित्रफीत दाखवाल, तेव्हा फळ्यावर एक ओळ आधी लिहा : चित्रीकरण – नामदेव व्हटकर, ७ डिसेंबर १९५६. मुलं वहीत उतरवून घेतील.